घरात माल न ठेवता साडी विकायची: नंदुरबारहून ड्रॉपशिपिंग सुरू करायचं तर

शहाद्याच्या एका ताईने माझ्याकडून साडी घेतली. ऑर्डर माझ्या व्हॉट्सॲपवर आली, पैसे माझ्या खात्यात आले, साडी मात्र सुरतहून निघाली आणि थेट तिच्या दारात गेली, मी ती हातात धरलीसुद्धा नाही. ड्रॉपशिपिंग म्हणजे एवढंच. माल दुसऱ्याच्या गोडाउनमध्ये पडलेला, गिऱ्हाईक तुम्ही आणायचं, ऑर्डर आली की त्या पार्टीला घाऊक भाव द्यायचा, ती पार्टी पार्सल करून तुमच्या नावाने पाठवते, मधला फरक तुमचा. माझ्या सासूबाई अजूनही विचारतात, "माल घरमा नही, ते तू इकस काय?" (म्हणजे विकतेस काय?) मी त्यांना सांगते की मी निवडून देते, नीट दाखवते, पोचतं करते आणि काही बिघडलं तर मीच निस्तरते, त्याचे पैसे घेते. हे शेवटचं निस्तरणंच नवीन लोक विसरतात, आणि धंदा तिथंच बसतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून राहिले.

आधी दोन गैरसमज काढून टाका.

एक, यूट्यूबवर जे परदेशी व्हिडिओ बघून लोक सुरुवात करतात ते आपल्या कामाचे नाहीत. त्यात सगळं चीनच्या वेबसाइटवरून थेट गिऱ्हाइकाला पाठवायचं असतं, आणि गिऱ्हाईक आधीच कार्डाने पैसे भरून मोकळं झालेलं असतं. आपल्याकडे अलीएक्सप्रेस ॲप नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे, बाहेरून आलेल्या पार्सलवर कस्टम लागतं, आणि साक्रीचं किंवा नवापूरचं गिऱ्हाईक पंधरा-वीस दिवस थांबत नाही, ते म्हणतं ताई राहू द्या, बाजारातून घेतली मी. आपलं ड्रॉपशिपिंग देशातल्या पार्टीवर आणि कॅश ऑन डिलिव्हरीवर चालतं, त्याचं गणितच वेगळं आहे.

दुसरा गैरसमज, भांडवल लागत नाही. लागतं. माल भरायला लागत नाही हे खरं, पण पार्टी पैसे घेतल्याशिवाय पार्सल काढत नाही, जाहिरातीचे पैसे आधी जातात, कुरिअरच्या वॉलेटमध्ये आधी भरावे लागतात, आणि कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे मात्र साडी पोचल्यावर अजून आठवडाभराने तुमच्या खात्यात येतात. समजा साडी २६० ची, कुरिअर ७५, जाहिरात ११०, म्हणजे एका ऑर्डरमागे ४४५ रुपये तुमचे आधी गुंतले. रोज पाच ऑर्डर धरल्या तर रोजचे २,२२५. पोचायला पाच-सहा दिवस आणि पैसे यायला आठ दिवस असे चौदा दिवस धरा, झाले ३१,१५० रुपये, हे सतत हवेत फिरत असतात. तेवढे नसतील तर रोज एक-दोन ऑर्डरवरच थांबा, हळू चाला, पण व्याजाने पैसे काढून हे सुरू करू नका, कळकळीने सांगते.

काय विकायचं

मी सुरुवात मोबाईल कव्हरने केली होती कारण स्वस्त होती आणि सगळे विकत होते. सगळे विकत होते हीच अडचण होती, शिवाय प्रत्येक मॉडेलचं माप वेगळं, लोक मॉडेल चुकीचं सांगायचे आणि परत पाठवायचे. चार महिन्यांनी सोडलं आणि साडीवर आले, कारण साडी मला कळते. माझ्या मते हाच पहिला निकष, जी वस्तू तुम्ही स्वतः दहा वर्षं वापरली, जिच्यातलं चांगलं-वाईट तुम्हाला न सांगता कळतं, ती घ्या. शेतकरी भाऊ असाल तर शेतातल्या छोट्या वस्तू घ्या, रात्रीच्या लाइटीला पाणी भरायला जाणाऱ्याला डोक्याचा टॉर्च कसा पाहिजे हे तुमच्याइतकं शहरातल्या दुकानदाराला कळणार नाही. (बॅटरीवाल्या वस्तूला बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानक संस्थेचा, नंबर आहे का ते बघूनच घ्या, खेळण्यांनाही २०२१ पासून तो सक्तीचा आहे.)

दुसरं बघायचं ते वजन आणि आकार. यात आपल्या भागातली बरीच पोरं फसतात म्हणून जरा थांबून सांगते. जळगावला एमआयडीसीत चटईचे किती कारखाने आहेत, सगळ्यांना वाटतं आपल्या जवळचा माल, स्वस्त पडेल, चटईच विकू. पण कुरिअरवाला फक्त वजन बघत नाही, जागा पण बघतो. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं, जे येईल ते किलो, आणि हे किंवा खरं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे. गुंडाळलेली चटई १२० सेंटीमीटर लांब आणि १२ बाय १२ जाड धरा, गुणाकार १७,२८०, भागिले ५,००० म्हणजे जवळपास साडेतीन किलो. चटई काट्यावर एक-सव्वा किलो भरते आणि पैसे साडेतीन किलोचे जातात. तीनशेच्या चटईला हे झेपत नाही. साडी घडी करून पाकिटात बसते, बहुतेक वेळा अर्ध्या किलोच्या आसपास राहते, म्हणून ती परवडते. वस्तू ठरवायच्या आधी घरी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि टेप घेऊन हे गणित मांडा, दहा मिनिटांचं काम आहे.

फुटणारं, वितळणारं, खायचं आणि मोठ्या ब्रँडचं नाव छापलेलं स्वस्त, हे चारही नवीन माणसाने टाळावं. खायच्या वस्तूला एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी लागते. नकली ब्रँडचं तर नावच काढू नका, पोलिस केस होते आणि पार्टी हात वर करते.

सण बघून वस्तू निवडली तर आपल्याकडे चांगला खप होतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा घरातल्या सगळ्या बायांना नवीन साडी पाहिजे असते, पोळ्याला झुली, गोंडे, घुंगरमाळा लागतात. आणि आपला खान्देशी माणूस फक्त खान्देशात नाही, सुरतला उधना-लिंबायतकडे केवढी वस्ती आहे आपली, पुणे-नाशकात आहे, त्यांना गावाकडची आठवण असते. पण सणाच्या मालाचा एक नियम पाळा, सणाच्या दहा दिवस आधी ऑर्डर घेणं बंद करा. पोळा झाल्यावर पोचलेली झूल कोणी घेत नाही, ती परत येते आणि जाण्या-येण्याचा दोन्ही खर्च तुमच्या डोक्यावर.

पार्टी कशी शोधायची

माझं नशीब की नंदुरबार सुरत-भुसावळ लाइनवर आहे. सकाळच्या गाडीने सुरतला गेलं की रिंग रोडच्या मार्केटमध्ये दिवसभर फिरून रात्री परत घरी. अमळनेर, दोंडाईचा, जळगावच्या लोकांनाही ही लाइन आहे, तिचा फायदा घ्या. इंडियामार्टवर हजार पार्ट्या सापडतात, फोनवर सगळ्या गोड बोलतात, पण मी एका पार्टीला न बघता, फक्त व्हॉट्सॲप ग्रुपमधले फोटो बघून १८,००० रुपये ॲडव्हान्स दिले होते आणि तिसऱ्या दिवशी फोन बंद. ते पैसे आले नाहीत. तेव्हा मला माहीत नव्हतं की असं झाल्या झाल्या लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा असतो, जितका लवकर कराल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त, मी सहा दिवस त्या माणसाच्या फोनची वाट बघत बसले.

आता मी काय करते ते सांगते. पार्टीचा जीएसटी नंबर मागते आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये टाकून बघते, लॉगिन लागत नाही, फुकट आहे, नाव-पत्ता आणि नंबर चालू आहे की रद्द झालाय ते दिसतं. बँक खातं त्याच फर्मच्या नावावर आहे का बघते. मग भेटून पाच गोष्टी स्पष्ट विचारते: सिंगल पीस देता का (सुरतला बरेच व्यापारी पूर्ण कॅटलॉगच, म्हणजे डिझाइनचा अख्खा संच, विकतात, सिंगलला भाव थोडा वर असतो), ऑर्डर किती वाजेपर्यंत दिली तर त्याच दिवशी निघते, परत आलेला माल घेता का आणि किती दिवसांत, पार्सलमध्ये तुमचं बिल किंवा कार्ड टाकणार नाही ना, आणि स्टॉक संपला की कोण सांगणार. शेवटचा प्रश्न साधा वाटतो पण फार महत्त्वाचा आहे, कारण मार्केटमध्ये एक डिझाइन दोन आठवड्यांत संपतं, तुमच्या पेजवर ते तसंच राहतं, ऑर्डर येते आणि मग गिऱ्हाइकाला नाही म्हणावं लागतं. मी रोज सकाळी नऊला स्टॉकची लिस्ट मागवते, नाही आली तर स्वतः फोन करते.

दिवाळीला सुरतचं मार्केट बंद असतं, बऱ्याच पार्ट्या लाभपंचमीनंतरच उघडतात. तेवढे दिवस तुमच्या पेजवर स्पष्ट लिहा की पार्सल अमुक तारखेनंतर निघेल. तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे लग्नसराई लागते, मागणी नेमकी तेव्हाच वाढते, म्हणून डिझाइन दिवाळीच्या आधीच ठरवून ठेवा.

एका वस्तूला दोन पार्ट्या ठेवा. एकीवर अवलंबून राहू नका.

नमुना मागवल्याशिवाय एकही फोटो टाकू नका

हे मी तुम्हाला हात जोडून सांगते. ड्रॉपशिपिंगमध्ये माल घरात ठेवायचा नसतो, पण म्हणून माल बघायचाच नाही असं नाही. जे डिझाइन विकणार त्याचा एक तरी पीस घरी मागवा, आणि तो पार्टीला सांगून नाही, मैत्रिणीच्या नावाने साधं गिऱ्हाईक म्हणून मागवा, म्हणजे खरं पॅकिंग कसं येतं, किती दिवस लागतात हे कळतं.

साडी आली की मी टेपने मोजते. साडी साडेपाच मीटर आणि ब्लाउजपीस ८० सेंटीमीटर, मिळून ६.३० मीटर असायला पाहिजे. एका पार्टीची साडी ५.१० भरली होती, फोटोत ते कुठे दिसतं? जरा उंच किंवा अंगाने भरलेल्या बाईला ती नेसताच येणार नाही आणि शिव्या मला मिळतील. मग कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासते, रंग उतरतो का बघते. एकदा धुते. पदर आणि काठाची शिलाई बघते. रंग दिवसाच्या उजेडात बघते, कारण पार्टीच्या फोटोत राणी कलर असतो आणि हातात येतो तो भलताच. यात पास झाली तरच तिचा फोटो टाकते, दहातल्या चार-पाचच पास होतात.

फोटोही स्वतः काढा. पार्टीचा फोटो पन्नास पेजवर असतो, गिऱ्हाईक भाव लावून बघतं आणि सगळ्यात स्वस्त घेतं. माझ्या जाऊबाई गच्चीवर सकाळी आठ-साडेआठला साडी नेसून उभ्या राहतात, मी मोबाईलवर व्हिडिओ घेते, पदर उलगडून दाखवते, मागची बाजू दाखवते, कापड मुठीत चुरगाळून दाखवते. आणि जे वाईट आहे ते पण बोलते, 'ही साडी जरा घसरते हां, पिन जास्त लागतील'. असं बोलायला लागल्यापासून माझ्या तक्रारी कमी झाल्या.

कागदपत्रं

यात घाबरण्यासारखं काही नाही, पण टाळण्यासारखंही नाही. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, आधार आणि पॅनवर होते, सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे, कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. गुमास्ता, म्हणजे दुकान-धंद्याची नोंद, महाराष्ट्रात थोडेच कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पावती मिळते. या दोन कागदांवर बँकेत करंट खातं उघडतं. घरखर्चाच्या खात्यात धंद्याचे पैसे मिसळू नका, महिन्याच्या शेवटी किती कमावले हेच कळत नाही.

जीएसटीचं नीट समजून घ्या. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही हे ऐकून बरेच लोक निवांत बसतात, पण ती सूट राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला आहे. नंदुरबारहून सुरतच्या किंवा सेंधव्याच्या गिऱ्हाइकाला विकलं की राज्याबाहेरची विक्री झाली, मग उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी लागते. आणि आपण तर सीमेवरच राहतो, नवापूर ओलांडलं की गुजरात. ॲमेझॉन, मीशोसारख्या ठिकाणी फक्त महाराष्ट्रात विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटीशिवाय एनरोलमेंट नंबरवर सुरू करता येतं, सुरुवातीला तेही चालेल. पुढे जायचं असेल तर मात्र नंबर काढून घ्या. घर सासऱ्यांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर लाइट बिल आणि त्यांचं संमतिपत्र जोडायचं, सरकारी फी शून्य आहे. जीएसटीच्या कंपोझिशन स्कीममध्ये (छोट्या धंद्यासाठीच्या सोप्या योजनेत) जाऊ नका, तिच्यात राज्याबाहेर विकता येत नाही. नंबर मिळाला की जाहिरातीच्या आणि कुरिअरच्या अकाउंटमध्ये तो टाकून द्या, तिथे भरलेला १८ टक्के टॅक्स तुम्हाला वजा करून मिळतो, मी आठ महिने टाकला नव्हता, तेवढे पैसे गेले. ड्रॉपशिपिंगमध्ये बिलं दोन होतात, पार्टीचं तुमच्या नावावर आणि तुमचं गिऱ्हाइकाच्या नावावर, माल एकदाच हलतो. कोणत्या बिलावर कोणता टॅक्स लावायचा हे एकदा सीएकडे बसून समजून घ्या आणि लिहून ठेवा.

स्वतःची वेबसाइट केली तर २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम लागू होतात. नाव, पत्ता, फोन, परत घेण्याचे नियम, वस्तू कोणत्या देशात बनली, तक्रार कोणाकडे करायची हे सगळं दिसलं पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची. मी तर म्हणते नियम नसता तरी करा, आपल्याकडे माणूस पत्ता बघून विश्वास ठेवतो, 'नंदुरबारचीच आहे ना, मग ठीक'.

भाव काढायचा हिशोब

आता खरं गणित. २६० ची साडी ५९९ ला विकली, ३३९ सुटले, असं नवीन माणूस मोजतो. शंभर पार्सल धरून मोजा. कॅश ऑन डिलिव्हरीत २५ पार्सल न घेता परत आली असं धरू, त्याला आरटीओ म्हणतात. ७५ पोचली, आले ४४,९२५ रुपये. आता खर्च: ७५ साड्यांचे १९,५००. परत आलेल्यांतल्या पाच मळलेल्या-फाटलेल्या, पार्टीने घेतल्या नाहीत, १,३००. शंभर पार्सलचं जायचं कुरिअर ७५ ने ७,५००. पंचवीसचं परत यायचं ६५ ने १,६२५. पोचलेल्यांवर कॅश घ्यायचा चार्ज ३५ ने २,६२५. जाहिरात शंभर ऑर्डरची ११,०००. बेरीज ४३,५५०. हातात उरले १,३७५ रुपये, शंभर साड्या पाठवून. यात जीएसटी अजून धरलेला नाही.

आता फक्त एकच बदल करा, २५ ऐवजी १० परत आल्या. ९० पोचल्या, आले ५३,९१०. साड्यांचे २३,४००, खराब दोन धरल्या तर ५२०, जायचं कुरिअर तेच ७,५००, परतीचं ६५०, कॅश चार्ज ३,१५०, जाहिरात तीच ११,०००. खर्च ४६,२२०, उरले ७,६९०. भाव तोच, साडी तीच, जाहिरात तीच, आणि फायदा पाचपटीच्या वर गेला. म्हणून जो कोणी तुम्हाला 'विनिंग प्रॉडक्ट' (हमखास खपणारी वस्तू) शिकवायचे पंचवीस हजार मागतो आणि आरटीओवर एक शब्द बोलत नाही, त्याला पैसे देऊ नका. कुरिअरचे दर आणि जाहिरातीचा खर्च तुमच्याकडे वेगळा येईल, पण हा तक्ता वहीत स्वतःच्या आकड्यांनी मांडा आणि परत येणारी पार्सल चारात एक धरूनही पैसे सुटतात का ते बघा, नाही सुटले तर भाव वाढवा किंवा ती वस्तू सोडा.

परत येणारी पार्सल कमी कशी करायची

ऑर्डर आली की लगेच पार्टीला पाठवू नका, आधी फोन करा. शेतातला माणूस दुपारी फोन उचलत नाही, संध्याकाळी सातनंतर करा. नाव, रंग, भाव सांगून हो म्हणवून घ्या, आणि अहिराणीत बोलता येत असेल तर बोला, समोरचा लगेच मोकळा होतो. पत्ता घेताना तालुका विचाराच, पिंप्री, वडगाव, पिंपळगाव या नावाची गावं किती आहेत आपल्याकडे, पिनकोड चुकला की पार्सल भलत्याच तालुक्यात फिरत बसतं. दुसरा मोबाईल नंबर घ्या, घरात कोणीतरी असतंच. 'मारुती मंदिरामागे, अमुक भाऊंच्या घराशेजारी' अशी खूण लेबलवर लिहा. धडगाव, अक्कलकुव्याच्या आतल्या पाड्यांवर खासगी कुरिअर बऱ्याचदा जात नाही, पिनकोड आधी तपासा, तिथे मी पूर्ण पैसे आधी घेऊन स्पीड पोस्टने पाठवते, पोस्टमन पोचवतो.

थोडे पैसे आधी घ्या. मी ९९ रुपये यूपीआयने घेते, बाकीचे डिलिव्हरीला. ज्याने ९९ दिले तो साडी सोडत नाही. सगळे देत नाहीत, काही ऑर्डर जातात, जाऊ द्या, त्यातल्या निम्म्या परतच येणार होत्या. पण लोक आधी पैसे का देत नाहीत हे पण समजून घ्या, त्यांना खरंच कोणीतरी फसवलेलं असतं. म्हणून मी पैसे मागायच्या आधी साडीचा व्हिडिओ पाठवते, बिल पाठवते, कोणी म्हटलं तर व्हिडिओ कॉल करते.

पार्सल निघालं की ट्रॅकिंग पाठवा, आणि पोचायच्या दिवशी सकाळी मेसेज टाका की आज डिलिव्हरीवाला येईल, ५०० सुट्टे ठेवा. डिलिव्हरीवाल्याला गिऱ्हाईक भेटलं नाही की तुमच्या कुरिअरच्या पॅनलवर तसं दिसतं, त्याच दिवशी गिऱ्हाइकाला फोन करून पुन्हा पाठवा म्हणून टाका, दुर्लक्ष केलं की दोन-तीन फेऱ्यांनंतर पार्सल परतीला लागतं. मी सकाळी साडेनऊ आणि दुपारी चार असं दोनदा पॅनल बघते, रविवारी पण.

दुकान कुठे मांडायचं आणि गिऱ्हाईक कुठून

यावर फार वेळ घालवू नका. पहिले तीन महिने व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग आणि इन्स्टाग्राम पुरतं. रोज पाच-सात ऑर्डर यायला लागल्या की मग वेबसाइट, शॉपिफायला दर महिन्याला पैसे लागतात, वूकॉमर्स फुकट आहे पण होस्टिंग आणि सांभाळायची डोकेदुखी तुमची. पेमेंट गेटवे साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी घेतात.

जाहिरात रोज दोनशे रुपयांपासून सुरू करा आणि पूर्ण महाराष्ट्र न निवडता आधी जळगाव, धुळे, नंदुरबार, नाशिक एवढेच जिल्हे निवडा. जवळचं पार्सल लवकर पोचतं आणि कमी परत येतं. माझी सगळ्यात जास्त चाललेली रील ही जाऊबाईंनी अहिराणीत साडीचं कापड समजावून सांगितलं ती आहे, तिच्यावर एक रुपया खर्च केला नव्हता.

परत घ्यायची वेळ आली की

आपली चूक असेल तर वाद घालू नका, दुसरी साडी पाठवा, पार्टीशी नंतर भांडा. गिऱ्हाइकाला उघडतानाचा व्हिडिओ काढायला आधीच सांगून ठेवा, तो पार्टीला दाखवता येतो. पार्टीलाही सांगा की पॅक करताना काट्यावरच्या पार्सलचा फोटो पाठव, कारण कुरिअर कंपन्या कधी वजन जास्त लावतात, फोटो असला की तक्रार टिकते. परत आलेल्या प्रत्येक पार्सलची वहीत नोंद करा, तारीख, गाव, कारण, रंग पसंत नाही, घरी कोणी नव्हतं, घेतलंच नाही, काय असेल ते. दोन महिन्यांनी ती वही वाचून मी दोन डिझाइन बंद केली आणि एक पिनकोड पूर्ण आधी-पैसे केला.

सुरुवातीच्या दहा ऑर्डर ओळखीच्यांच्या घ्या, पण पूर्ण भावाने, सवलत देऊन नको, आणि त्यांना सांगा की काय आवडलं नाही ते तोंडावर सांगा. साडीची माझी पहिली ऑर्डर उधन्याच्या मावशीची होती. साडी सुरतहून निघून सुरतलाच गेली, तरी चार दिवस लागले, कारण पार्टीने दोन दिवस पार्सलच काढलं नव्हतं. मावशीने फोन करून सांगितलं म्हणून कळलं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने मी त्या पार्टीच्या दुकानात जाऊन उभी राहिले.